निष्ठा कोणाशी, द्रोह कोणाचा

१८९७ च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात बाळ गंगाधर टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा नऊ ज्यूरींपुढचा खरा प्रश्न एका शब्दाच्या अर्थाचा होता. दंडविधानाच्या कलम १२४-अ नुसार सरकारविषयी जी भावना चेतवणे गुन्हा होता, तिला देशी भाषांतरांत 'अप्रीती' म्हणतात. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरींना तिचा अर्थ अगदी सोपा करून सांगितला : अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, तुच्छता, एवढेच काय, साधी नावडही त्यात बसली. सहा युरोपीय ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा असेल, तर त्या वेळी निम्म्या पुण्याला तुरुंगात जागा करावी लागली असती.

खटला ज्या मजकुरावरून झाला तोही पाहण्याजोगा आहे. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त होता. अफझलखानाला मारण्यात शिवाजी महाराजांनी कपट केले काय आणि केले असल्यास ते निंद्य ठरते काय, यावर त्या उत्सवात प्रा. भानू आणि स्वतः टिळक बोलले होते. म्हणजे एकाच अंकात राज्याशी निष्ठा, शत्रूशी कपट आणि माणसाची मोकळीक हे तिन्ही विषय एकत्र आले, आणि तिन्हींचा निकाल शब्दांच्या अर्थावर लागला. या विवेचनाचा विषय नेमका हाच आहे : मराठी माणूस राजकीय निष्ठेबद्दल, फसवणुकीबद्दल आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना जे शब्द वापरतो ते आले कुठून, आणि वाटेत त्यांचे अर्थ कोणी कसे फिरवले.

या शब्दांपैकी फार थोडे शब्द ग्रंथांतून आलेले आहेत. बहुतेकांचा जन्म छावणीत, दफ्तरात, चावडीवर आणि स्वयंपाकघरात झाला. त्यांच्यात एक खोड समान आहे. यातला प्रत्येक शब्द नाते सांगतो, पण नाते कोणाशी हे मात्र सांगत नाही. निष्ठा म्हटले की कोणाशी, द्रोह म्हटले की कोणाचा, स्वातंत्र्य म्हटले की कोणापासून, ही जागा रिकामीच राहते. ज्याच्या हाती सत्ता किंवा ध्वनिक्षेपक असतो तो ती जागा गुपचूप भरतो, आणि ऐकणाऱ्याला शब्द जुनाच वाटत राहतो.

सुरुवात मिठापासून करावी लागते. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार मराठीत इतका मुरला आहे की त्यामागचा व्यवहार आता कोणाला दिसत नाही. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले त्याच्याशी इमान राखायचे, हा पगारी शिपायाचा करार होता. त्यात देश नव्हता, धर्म नव्हता, विचारही नव्हता. धनी बदलला की मीठ बदलायचे. करार मोडणारा 'निमकहराम' ठरे. 'इमान' हा अरबी शब्द मुळात श्रद्धेचा, ईश्वरावरच्या विश्वासाचा. मराठीत येता येता तो चाकराच्या प्रामाणिकपणापर्यंत खाली उतरला आणि पुढे राखणदार कुत्र्याचे विशेषण झाला. या मिठाची दुसरी बाजू १९३० साली दिसली. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याला लोकांनी कायदा मोडून मीठ उचलले. ज्या पदार्थाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या धन्याशी इमान मागितले जात होते, तोच धन्याचा हुकूम मोडण्याचे साधन झाला.

मिठाहून भारी शब्द म्हणजे वतन. अरबीत आणि उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. हिंदी गाण्यांतले वीर तिच्यासाठी प्राण देतात. मराठीत वतन म्हणजे पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी : पिढीजात हक्क, त्याचे उत्पन्न आणि त्याचा मान. मराठी मुलखात सतराव्या शतकातली निष्ठा समजून घ्यायची तर हा दुसरा अर्थ हाताशी ठेवावा लागतो. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा विजापूरच्या आदिलशहाने मावळच्या देशमुखांना खानाला सामील होण्याची फर्माने धाडली. कारीचे कान्होजी जेधे आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले आणि जेधे घराण्याच्या करिन्यानुसार त्यांनी वतनावर पाणी सोडले. 'पाणी सोडणे' हा आज बुडालेल्या पैशाबद्दल वापरला जाणारा वाक्प्रचार तिथे शब्दशः घडला. उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. पुढे ते हाती लागले तेव्हा कान्होजींनीच रदबदली केली, म्हणून जीव वाचला. एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा झाली.

खोपड्यांनी केले ते काय होते? विजापूर दरबाराच्या दफ्तरात ती निष्ठाच ठरली असती, कारण देशमुखीची सनद त्या दरबाराची होती. द्रोह ठरला तो नव्याने उभ्या राहणाऱ्या राज्याच्या नजरेने. वतनदाराची ही दुहेरी नजर रामचंद्रपंत अमात्यांनी चांगली ओळखली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त त्यांनी वतनदारांना राज्याचे वाटेकरी मानले आणि त्यांना ना फार वाढू द्यावे ना पुरते दुखवावे, असा धोरणी सल्ला दिला. औरंगजेबाच्या स्वारीच्या काळात दोन्ही पक्ष वतने देऊ करत होते, आणि पुष्कळ घराण्यांनी दोन्ही बाजूंच्या सनदा पेटीत जपल्या.

हाच शब्द गावकुसाबाहेर वेगळा वागला. महारवतन हेही कागदावर वतनच. पण त्यातली जमीन तुटपुंजी आणि बदल्यात सरकारची आणि गावाची कामे दिवसरात्र, पिढ्यान्‌पिढ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते या बेडीतून माणसे सोडवण्यासाठी. देशमुखाला ज्या शब्दाने मान मिळे त्याच शब्दाने महाराला बांधून ठेवले होते. वतन गमावणे ही एकाच्या घरी सुतकाची गोष्ट, तर दुसऱ्याच्या घरी सुटकेची.

इमान मोडण्याला मराठीत खास नाव आहे, फितुरी. या शब्दाचा प्रवास गमतीचा आहे. अरबीतला 'फुतूर' म्हणजे ढिलाई, मरगळ. उर्दू-हिंदीत त्याचा 'फितूर' झाला आणि अर्थ झाला डोक्यात शिरलेले खूळ. २०१६ मध्ये या नावाचा हिंदी चित्रपट आला तो वेड्या प्रेमाचा होता. मराठी प्रेक्षकाला मात्र त्या जाहिरातीत किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा माणूसच आधी दिसला असणार, कारण मराठीत फितूर म्हणजे शत्रूने आतून फोडलेला. ढिलाई, खूळ आणि दगा या तिन्ही अर्थांना जोडणारा धागा शोधला तर सापडतो : तटबंदी कुठे तरी सैल झालेली आहे. खटल्यांच्या बातम्यांत हा शब्द आजही रोजचा आहे. जबाब फिरवणारा साक्षीदार मराठी वर्तमानपत्रात 'फितूर' होतो. वतन गेले, किल्ले गेले, पण शब्दाला कोर्टात नोकरी मिळाली.

फितुरीला मराठीने चेहरेही दिले. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले. त्या पाडावाशी सूर्याजी पिसाळ हे नाव परंपरेने जोडले. त्यातले तथ्य किती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण वाद कितीही रंगला तरी भाषेतला निकाल लागून गेला आहे. 'सूर्याजी पिसाळ' आता विशेषनाम उरले नाही. निवडणुकीच्या सभेत ते रोज कोणाच्या ना कोणाच्या नावापुढे लागते. बिभीषणाचे तर आणखी विलक्षण. रामकथेत तो सत्याची बाजू घेणारा भक्त आहे, आणि घरोघरच्या बोलण्यात घरभेदी. कथा ऐकताना श्रोता रामाच्या बाजूला बसतो आणि भाऊबंदकीच्या भांडणात रावणाच्या.

'गद्दार' हा शब्दही याच वाटेवरचा, पण त्याच्या सख्ख्या भावाने वेगळेच नशीब काढले. अरबीतल्या 'गद्र' म्हणजे विश्वासघात या धातूपासून गद्दार आला, तसाच 'गदर'ही आला. १८५७ च्या उठावाला उत्तरेत गदर म्हणत. नाव सरकारच्या नजरेतले, दग्याचे. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून हिंदी क्रांतिकारकांनी काढलेल्या पत्राने तेच नाव अभिमानाने कपाळावर लावले, आणि त्यावरून चळवळीला गदर पक्ष हे नाव पडले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे या चळवळीच्या आरंभापासूनच्या कार्यकर्त्यांपैकी. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फाशी झाली. ज्यांना सरकारने विश्वासघातकी म्हटले त्यांनी विश्वासघात हेच नाव घेतले आणि त्याचा अर्थ उलटवून दाखवला. गद्दारला मात्र असा कोणी वाली मिळाला नाही.

१८५७ च्या नावाचा मराठी इतिहासही असाच आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे गोडसे भटजी पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि धामधुमीत सापडले. त्यांची आठवण १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापून आली ती बंडाची हकीकत म्हणून. पुढल्या दोन वर्षांत विनायक दामोदर सावरकरांनी त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले, आणि सरकारने पुस्तक बाजारात येण्याआधीच त्यावर बंदी घातली. शाळेची पुस्तके मधला रस्ता काढून 'उठाव' म्हणाली. एकच वर्ष, त्याच तोफा. बंड म्हणणारा सरकारी चौथऱ्यावर उभा असतो, समर म्हणणारा समोरच्या टेकडीवर, आणि उठाव म्हणणारा परीक्षेला बसलेला.

हा तराजू जून २०२२ मध्ये पुन्हा बाहेर निघाला. एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. उद्धव ठाकरे यांच्या बाजूने शब्द आला 'गद्दार'. शिंदे यांच्या बाजूचे नेते म्हणू लागले की हे बंड नाही, हा उठाव आहे, आणि आम्ही गद्दार नसून खुद्दार आहोत. ऑगस्टमधल्या अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली. पैसे घेऊन फुटल्याचा हा आरोप सत्ताधाऱ्यांनी नाकारला, पण दलालांच्या आणि गुन्हेगारी जगाच्या बोलीत कोटी रुपयांना असलेले 'खोका' हे नाव त्या आठवड्यात आजीबाईंनाही कळले. ठाकरे गटाने मग कार्यकर्त्यांकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रे भरून घेतली. बेलभंडारा उचलून आण घेण्यापासून प्रतिज्ञापत्रापर्यंतचे हे अंतर पाहिले, की तोंडी शपथेची किंमत कशी उतरत गेली ते दिसते.

पक्षीय निष्ठेचा कोश तसा मोठा खेळकर आहे. तिकिटे जाहीर झाली की 'बंडोबा' निघतात आणि माघारीच्या तारखेला त्यांचे 'थंडोबा' होतात. जुन्या कार्यकर्त्याला 'निष्ठावंत' म्हणतात ते बहुतेक वेळा 'निष्ठावंतांना डावलले' या बातमीत. उमेदवारी 'आयात' केलेल्याला मिळते आणि निष्ठावंत विचारतो, आम्ही काय फक्त सतरंज्याच उचलायच्या? १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटलांच्या सरकारातून बाहेर पडले आणि १८ जुलैला अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून 'पाठीत खंजीर खुपसणे' हा वाक्प्रचार मराठी राजकारणात जणू त्या प्रसंगाची जहागीर होऊन बसला. 'आयाराम-गयाराम' ही जोडी मात्र हरियाणाची. १९६७ मध्ये आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून ती देशभर गेली.

कायद्याने १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला आळा घालायचे ठरवले, तेव्हा निष्ठेची व्याख्याच पालटली. आता निष्ठा म्हणजे पक्षादेश पाळणे. हा आदेश काढणाऱ्या पदाला मराठीत 'प्रतोद' म्हणतात. संस्कृतात प्रतोद म्हणजे जनावर हाकण्याची पराणी, चाबूक. इंग्रजी 'व्हिप' या शब्दाचे हे भाषांतर कदाचित गरजेपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. हाकणारा कोणाचा, हा प्रश्नही शेवटी कोर्टात गेलाच. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिवसेनेच्या प्रकरणात सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. रिकामी जागा कोणी भरायची याबद्दलचाच तो निकाल होता.

आता कपटाकडे. मराठी माणसाला ज्या युद्धतंत्राचा सर्वांत जास्त अभिमान आहे त्याचे नाव शत्रूने दिलेले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. 'गनीम' म्हणजे शत्रू, लुटारू. मोगलांच्या कागदपत्रांत मराठ्यांना उद्देशून हा शब्द वारंवार येतो. 'कावा' हा घोडेस्वारीतला शब्द, घोडा गोल फिरवणे, त्यावरून हुलकावणी. 'गनिमी कावा' म्हणजे शत्रूची हुलकावणी, आणि हा शत्रू म्हणजे मराठे स्वतः. मोगलांच्या तोंडची शिवी मराठ्यांनी बिरुद म्हणून वापरली, तेव्हा कपट या शब्दाची नैतिक बाजू कोण कुठे उभा आहे यावर ठरते हे भाषेने आधीच मान्य केले होते. १८९७ च्या उत्सवातली चर्चा याच जागेवर अडखळली होती.

रोजच्या फसवणुकीला मराठीत शब्दांचा तोटा नाही : थाप मारणे, गंडा घालणे, चुना लावणे, टोपी घालणे, मामा बनवणे, तोंडाला पाने पुसणे, गाजर दाखवणे. मौज अशी, की यांतले बहुतेक वाक्प्रचार फसवणाऱ्याचे कौशल्य सांगतात आणि हसणे फसलेल्याच्या वाट्याला येते. राजकारण्याचा खास शब्द म्हणजे 'आश्वासन'. संस्कृतातल्या श्वास घेण्याच्या धातूवरून आलेला हा शब्द मुळात धीर देण्याचा, दम खाऊ देण्याचा. आज 'आश्वासन मिळाले' असे आंदोलक सांगतो तेव्हा उपोषण सुटलेले असते आणि काम झालेले नसते.

'जुमला' हा शब्द तर एकटाच एका प्रकरणाइतका ऐवज बाळगून आहे. उर्दूत जुमला म्हणजे वाक्य किंवा एकूण. मराठेशाहीच्या हिशेबांत जुमला म्हणजे एकूण बेरीज. शिवाजी महाराजांच्या सैन्यात जुमलेदार हा हवालदाराच्या वरचा अधिकारी. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमित शहा यांनी परदेशातल्या काळ्या पैशातून प्रत्येकाच्या खात्यात पंधरा लाख येण्याच्या गोष्टीला निवडणुकीतला जुमला म्हटले, आणि त्या दिवसापासून मराठीतही जुमला म्हणजे पोकळ बोलणे. तीनशे वर्षे बेरीज दाखवणारा शब्द एका मुलाखतीत शून्य दाखवू लागला.

शब्द फिरवण्याचा याहून गंभीर प्रसंग आणीबाणीतला. विनोबा भावे तेव्हा पवनारच्या आश्रमात मौनात होते. त्यांनी लिहिलेले 'अनुशासनपर्व' हे दोन शब्द सरकारने उचलले आणि भिंतीभिंतींवर रंगवले; अर्थ लावला शिस्तीचा काळ. महाभारतात या नावाचे पर्व आहे आणि त्यात शरपंजरी भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतो. मौन सुटल्यावर विनोबांनी आपला अर्थ उलगडला : शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. तोवर भिंतींवरचा रंग वाळून गेला होता. त्याच काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे त्या तुरुंगात गेल्या. 'मिसाबंदी' हा १९७१ च्या एका कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घडलेला शब्दही मराठी कोशाला त्या दिवसांनीच दिला.

राजद्रोहाचे कलम १८६० च्या मूळ दंडविधानात नव्हते. ते १८७० मध्ये घातले गेले. १८९७ च्या खटल्यानंतर १८९८ मध्ये त्याची शब्दरचना बदलली आणि अप्रीतीत निष्ठाहीनता व वैरभाव येतात असे लिहून टाकले. मराठीत 'राजद्रोह' या शब्दात निदान राजा दिसत होता. स्वातंत्र्यानंतर राजा गेला, द्रोह राहिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुन्या रूपात नाही, त्या जागी देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणण्याचे कलम १५२ आले. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत अमित शहा यांनी हा बदल राजद्रोहाच्या जागी देशद्रोह असा मांडला. दोन अक्षरांची ही अदलाबदल लहान नाही. सरकारवर रागावणे आणि देशावर उलटणे यांत जे अंतर होते, ते राखायचे कोणी, हे आता शब्द सांगत नाही.

तिसरा गट स्वातंत्र्याचा, आणि त्याचा पहिला शब्द 'स्वराज्य' एके काळी महसुली खात्यातला होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून तीन सनदा घेऊन आले : चौथाईची, सरदेशमुखीची आणि स्वराज्याची. यातले स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या ताब्यात असलेला मुलूख : पुणे, मावळ, सातारा वगैरे. बाकी सगळी 'मोगलाई'. दोन्ही शब्द नकाशावरचे होते. पुढे मोगलाई नकाशावरून पुसली गेली आणि बोलण्यात उरली. 'काय मोगलाई लागून गेली आहे का?' असे आजही दरडावले जाते. स्वराज्य मात्र १९०६ मध्ये दादाभाई नौरोजींनी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात उच्चारले आणि महसुलाचा शब्द हक्काचा झाला.

स्वतःच्या तंत्राने चालणे ते स्वातंत्र्य. संस्कृत धर्मशास्त्रात हा शब्द सापडतो तो बऱ्याचदा नाकारण्यासाठी. स्त्रीला स्वातंत्र्य योग्य नाही असे मनुस्मृती सांगते तेव्हा त्याचा अर्थ आपल्या मनाने वागणे एवढाच आहे. एकोणिसाव्या शतकात या शब्दावर दोन बाजूंनी ओढाताण सुरू झाली. गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य आधी रूढीपासून हवे होते, टिळकांच्या लेखी परक्या सरकारपासून. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही फूट चव्हाट्यावर आली. वय दहावरून बारा करण्याला एकाने सुधारणा म्हटले, दुसऱ्याने सरकारची ढवळाढवळ. स्वातंत्र्य दोघांच्याही तोंडी होते.

त्या सगळ्या वादात एक बाई शब्दाचा अर्थ स्वतः ठरवायला निघाली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो म्हणून सांगितले. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. 'नांदणे' हे मराठीतले किती गोड क्रियापद : लक्ष्मी नांदते, सुख नांदते, लोक गुण्यागोविंदाने नांदतात. कोर्टात त्याच क्रियापदाला सहा महिन्यांची कैद जोडलेली होती.

'वेठ' या शब्दाचे उलटे झाले. संस्कृतातली 'विष्टि' म्हणजे बिनमोबदल्याची सक्तीची मजुरी; गावात अधिकारी आला की बलुतेदाराला ओझे वाहायला धरत, ते वेठीला धरणे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' नाव दिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांच्यापुढे असलेल्या जगाचा वेठ हा रोजचा भाग होता. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. पण आज वर्तमानपत्रात वेठीस कोण धरतो? संपकरी एसटी कामगार प्रवाशांना, संपावरचे डॉक्टर रुग्णांना. ज्याच्या पाठीवर ओझे होते त्याच्याच माथी आता धरल्याचा आरोप आला.

'विमुक्त' या शब्दाला मात्र पक्की तारीख आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण, हजेरीची सक्ती हे सगळे त्या दिवशी कागदावर संपले, आणि सुटलेल्यांना नाव मिळाले तेही सुटकेचेच. मराठी दिनदर्शिकेत म्हणूनच स्वातंत्र्याचा एक दिवस पुरत नाही. १५ ऑगस्ट सगळ्यांचा. १७ सप्टेंबर मराठवाड्याचा, १९४८ च्या हैदराबाद मुक्तीचा. १९ डिसेंबर गोव्याचा, १९६१ च्या मुक्तीचा. देश 'स्वतंत्र' झाला, मराठवाडा आणि गोवा 'मुक्त' झाले आणि पारधी, कैकाडी, माकडवाले 'विमुक्त' झाले.

संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या व्यक्तिगत स्वातंत्र्याची कसोटीही अर्थाच्याच प्रश्नावर लागली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या निकालात हा निर्णय चुकीचा ठरवला गेला, आणि तसे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

या शब्दांचा धांडोळा घेताना कोश हाताशी लागतोच. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये, बंडाच्याच वर्षी, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. कोश मूळ अर्थ देतात, छटा देतात. शब्द कोणाच्या तोंडून कोणावर फेकला गेला हे कोशात मावत नाही. त्यासाठी सनदा, करिने, खटल्यांची कागदपत्रे आणि सभांचे वृत्तान्त उघडावे लागतात. म्हणून इथे शब्द अकारविल्हे लावण्याऐवजी ते ज्या प्रसंगांत झिजले किंवा धारदार झाले त्या प्रसंगांच्या क्रमाने पाहणे सोयीचे ठरते.

अशा कागदपत्रांत सर्वांत बोलके आहेत ते टिळकांच्या दुसऱ्या राजद्रोह खटल्याचे. जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांबद्दल तो चालला. टिळकांनी वकील न घेता स्वतः काम चालवले. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन ते एकेका मराठी शब्दाच्या इंग्रजी प्रतिशब्दावर अडून बसले, आणि त्यानंतरचे त्यांचे भाषण सगळे मिळून एकवीस तास दहा मिनिटे चालले. ज्यूरींत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल आला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्या मराठी शब्दांसाठी ती झाली, ते ज्यूरींनी इंग्रजी भाषांतरातून वाचले होते.